मोटारीच्या बॅटरीची नाडीपरीक्षा

हबीबगंज स्थानकाचे नाव २०२१ साली राणी कमलापती झाले. आमच्या जिभेवर मात्र जुनेच बसले आहे. गेल्या माघात एका पहाटे थोरल्या ताईंना तेथून नागपूरच्या गाडीत बसवून द्यावयाचे होते. दुसऱ्या दिवशी नातवाची मुंज. किल्ली फिरवली, तो 'टक्' असा आवाज झाला आणि दिवे मंदावले. रिक्षाने स्थानक गाठेपर्यंत गाडी सुटली होती. ताईंना रात्रीचा प्रवास बसून करावा लागला.

दुकानदाराने मोटारीचे झाकणही न उघडता निर्वाळा दिला, "बैटरी तो गई, मास्साब!" आम्ही पैसे काढणार होतो, इतक्यात एका वृद्ध विद्युत्-कारागिराने मीटर लावण्याचा आग्रह धरला.

शिसे व गंधकाम्ल यांची ही बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली सिद्ध केली. मोटारीत तिचे सहा कप्पे असतात. प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट. काहींत बुचे उघडून ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते, काही कायमच्या बंद असतात. सिग्नलला इंजिन आपोआप थांबणाऱ्या नव्या मोटारींत काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली ए.जी.एम. बॅटरी बहुधा असते. तिच्या जागी साधी बसवू नये.

मोटार काही तास उभी राहिल्यावर मीटर १२.६ दाखवील तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली जवळजवळ रिती. परंतु रिती म्हणजे निकामी नव्हे! किल्ली फिरवताना भरलेल्या बॅटरीचा दाब ९.६ च्या खाली गेला, तर मात्र ती थकली असे समजावे. बुचांच्या बॅटरीत हायड्रोमीटरही चालतो. भरलेल्या कप्प्यात आम्लाची घनता १.२६५ च्या आसपास असते. एकच कप्पा फार मागे पडला, तर दोष तेथेच. हे करताना जवळ विडी-काडी नको, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

आमच्या बॅटरीत १२.१ भरले. शेजाऱ्यांच्या बॅटरीच्या आधाराने इंजिन सुरू करून ती तार काढली, तरी आकडा तेवढाच. वास्तविक तो साधारण १४ वर चढावयास हवा होता. अल्टरनेटरचा पट्टा सैल होऊन घसरत होता. नवी बॅटरीही चार दिवसांत अशीच बसली असती. पट्टा बदलला, बॅटरी रात्रभर भरली. दुसऱ्या सायंकाळी आकडा १२.६ आणि किल्ली फिरवताना १०.४.

भोपाळचा वैशाख बॅटरीच्या पट्ट्या झिजवतो आणि दुखणे थंडीत उघडे पडते, असे कारागीर म्हणाला. म्हणून यंदा दिवाळीपूर्वीच आम्ही मीटर लावले. ताईंचे पत्र आले होते: "येते आहे. परतीच्या दिवसाआधी ते यंत्र लावून पाहा हो!"