दंतमूलनालाचे निर्जंतुकीकरण

दंतमूलनालाचे निर्जंतुकीकरण : दाताच्या मुळातील अरुंद पोकळी जंतुनाशक द्रावणांनी धुऊन तीतील सूक्ष्मजंतूंचा नाश करण्याची क्रिया. ‘रूट कॅनाल’ या नावाने सर्वपरिचित असलेल्या उपचारातील हा निर्णायक टप्पा होय. तो नीट पार पडल्यास एरवी उपटावा लागणारा दात बहुधा वाचविता येतो.

दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व तंत्रिका असलेले मऊ ऊतक असते. त्यास दंतमज्जा म्हणतात. मुळाच्या टोकापर्यंत जाणारा तिचा मार्ग म्हणजे मूलनाल. कीड खोलवर गेली किंवा दाताला तडा गेला, म्हणजे जंतू दंतमज्जेत शिरतात; तिचा दाह होतो, ती मृत होते आणि पुढे मुळाच्या टोकाशी हाडात गळू होऊ शकते. या विकृतीला जंतूच कारणीभूत असतात, हे काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेरल्ड यांनी १९६५ मध्ये उंदरांवरील प्रयोगाने दाखविले. दंतमज्जा उघडी पाडल्यावर सामान्य उंदरांत ती कुजली. जंतुरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांत मात्र ती जगली व जखम भरून आली.

मृत मज्जेला रक्तपुरवठा नसल्याने पोटात घेतलेली प्रतिजैविके मूलनालात पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. त्यामुळे गोळ्यांनी सूज ओसरली, तरी रोगाचे मूळ तसेच राहते.

धुण्याची आवश्यकता : मूलनाल सरळ नळीसारखा नसतो. त्याला वळणे, फाटे व खाचा असतात. शिवाय त्याच्या भिंतीतील दंतिनात असंख्य सूक्ष्मनलिका असून त्यांतही जंतू शिरतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण छेदचित्रणाच्या अभ्यासात कानशीसारख्या उपकरणांनी नाल घासल्यावरही भिंतीचा ३५ टक्के वा अधिक भाग अस्पर्शित राहिल्याचे दिसून आले. थोडक्यात, उपकरणे वाट रुंद करतात. सफाईचे काम मुख्यतः द्रावणच करते.

द्रावणे : सोडियम हायपोक्लोराइट हे प्रमुख द्रावण सामान्यतः ०.५ ते ५.२५ टक्के तीव्रतेचे वापरतात. ते जंतू मारते, तसेच मृत ऊतक विरघळवते. हा दुसरा गुण इतर प्रचलित द्रावणांत जवळजवळ नाही. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन व अलेक्सी कॅरल यांनी त्याचे सौम्य द्रावण जखमा धुण्यासाठी रूढ केले; पुढे ते दंतवैद्यकात आले. गावोगावच्या विहिरींत टाकण्यात येणाऱ्या ब्लीचिंग पावडरीचे कार्यही याच रासायनिक तत्त्वावर चालते.

हायपोक्लोराइटने दंतिनाचा चुरा मात्र निघत नाही. घासताना भिंतीवर बसलेला त्याचा थर काढण्यासाठी कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए हे संयुग १७ टक्के प्रमाणात वापरतात. १९५७ मध्ये नीगोर-ऑस्टबी यांनी ते या शाखेत आणले. २ टक्के क्लोरहेक्सिडीनचा परिणाम अधिक काळ टिकतो; पण ते ऊतक विरघळवीत नाही, आणि हायपोक्लोराइटशी मिसळल्यास तपकिरी साका तयार होतो. म्हणून मध्ये नाल स्वच्छ धुऊन घेणे आवश्यक असते.

दक्षता : लाळ व तीतील जंतू दूर ठेवण्यासाठी दाताभोवती रबराचा पडदा लावतात. बाजूला छिद्र असलेली बारीक सुई नालात अडकू न देता, टोकापासून १–२ मिमी. अलीकडे ठेवून द्रावण हळूहळू सोडतात. जोराने सोडलेले हायपोक्लोराइट मुळाबाहेर गेल्यास तीव्र वेदना, सूज व रक्तस्राव होतो. श्राव्यातीत कंपनांनी द्रावण ढवळल्यास ते फाट्यांत अधिक शिरते.

सातत्याचा प्रश्न : उपचार अनेक खेपांत करावयाचा असल्यास दोन खेपांमध्ये नालात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात (पानाला लावण्याचा चुना मुख्यतः याच संयुगाचा असतो, मात्र तो घरी दातात भरणे अपायकारक ठरते) आणि वरून तात्पुरते भरण करतात. हे भरण काही आठवड्यांपुरतेच असते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. अर्धवट उपचार घेऊन फडावर गेलेल्या रुग्णाचे भरण झिजले वा निघाले, की लाळेतून जंतू पुन्हा आत शिरतात आणि आधीची सारी धुलाई व्यर्थ जाते. अशा रुग्णाच्या बाबतीत शक्य असेल तेथे एकाच बैठकीत उपचार पुरा करणे हिताचे असते. एका व अनेक बैठकींतील उपचारांच्या दीर्घकालीन यशात लक्षणीय फरक आढळलेला नाही. पहिल्या आठवड्यातील वेदना मात्र एका बैठकीनंतर काहीशी अधिक असू शकते.

निर्जंतुक झालेला नाल कोरडा करून गटापर्चा व लेप यांनी भरतात आणि दातावर पक्के भरण किंवा टोपी बसवितात. नाल पूर्णपणे जंतुरहित करणे क्वचितच साधते; जंतूंची संख्या पुरेशी घटविणे आणि उरलेल्यांचा अन्नपुरवठा व नव्यांचा प्रवेश रोखणे, हेच या उपचाराचे व्यवहार्य साध्य होय.