धरणाचं पाणी आणि आपले मासे 🐟

वैनगंगेवर वरच्या अंगाला भंडाऱ्यात गोसीखुर्द धरण, खाली चामोर्शीजवळ चिचडोह बॅरेज, तर सिरोंच्यापाशी गोदावरीवर 2019 पासून मेडीगड्डा बॅरेज. यांचा माशांशी काय संबंध?

कालबसूसारखे आपले मासे आषाढ-श्रावणातला गढूळ लोंढा आला की प्रवाहाविरुद्ध चढतात आणि अंडी सोडतात. वाट अडली, पूर उशिरा आला, की वीण हुकते.

साचलेलं पाणी मात्र परदेशी माशांना मानवतं. त्यांतला सायप्रिनस पाणवनस्पतींना चिकट अंडी लावतो. 1952 मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाची मादी अंडी तोंडातच उबवते. तिला पूर लागतच नाही.

म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणांतून नैसर्गिक पुरासारखं पाणी सोडायला हवं. आणि मंडळी, घरच्या टाकीतले परदेशी मासे नदीत सोडू नका!