अंगबळाचं गणित – ६ : बेंच किती मारला?

अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यात हायवेला लागून शटर असलेली एक जिम आहे. आत दोन बेंच, एक जुनी केबल मशीन आणि भिंतभर आरसा. मागच्या लेखासाठी बैठकांची माहिती गोळा करत होतो, तेव्हा तिथे दोन पोरांचा वाद रंगला होता. एक लुकडा, वजन साठ किलो. दुसरा धिप्पाड, नव्वद किलोचा. बेंच प्रेसला लुकड्यानं नव्वद किलो मारले होते, धिप्पाडानं एकशेवीस.

“काऊन बे, तुह्यं वजन किती अन् माह्यं किती? म्या माह्या वजनाच्या दीडपट मारला, तू मारला का?”

“रॉडले काय मालूम तू केवढा हायेस? एकशेवीस म्हंजे एकशेवीस.”

दोघांचंही खरं आहे, पण वाद सोडवायच्या आधी मला दुसरीच शंका आली. रॉडवर वजन लिहिलेलं नव्हतं. जिममध्ये सगळे तो वीस किलोचा धरतात, कारण स्पर्धेतला पुरुषांचा रॉड वीस किलोचा असतो. जिमवाले दादा हौशी निघाले. समोरच्या अडतीवरून सोयाबीन तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि रॉड त्यावर आडवा ठेवला. १२.८. मग प्लेटा ठेवल्या. ‘२०’ असं ओतीव अक्षरात लिहिलेली प्लेट १९.२ भरली. बाकीच्याही शंभरामागे चार किलो कमीच. म्हणजे लुकड्याचे नव्वद प्रत्यक्षात ऐंशी होते आणि धिप्पाडाचे एकशेवीस एकशेनऊच्या आतच. पाच मिनिटं जिममध्ये कोणी बोललं नाही.

यात त्या जिमची चूक मी मानत नाही. स्वस्त ओतकामाच्या प्लेटा सगळीकडे अशाच असतात, आणि व्यायामाला त्यानं काही बिघडत नाही. तुलना करायला बसलात की बिघडतं.

आता वादाकडे येऊ. हिशोब सोपा राहावा म्हणून पोरांचे मूळचेच आकडे घेऊ. वजनाला वजनानं भागलं तर लुकड्याचं गुणोत्तर १.५ आणि धिप्पाडाचं १.३३. लुकडा जिंकला. बहुतेक जिममध्ये वाद इथेच मिटतो. पण हा भागाकार लुकड्याला फुकटचे मार्क देतो, आणि का देतो हे समजायला बैलाचा कासरा पुरेसा आहे.

कासरा लांब केला म्हणून जास्त ताकदीचा बैल धरवत नाही, जाड केला तर धरवतो. दोराची ताकद त्याच्या जाडीत असते, म्हणजे आडवा कापला तर दिसणाऱ्या तोंडाच्या क्षेत्रफळात. स्नायूंचंही ढोबळ मानानं तसंच आहे. आता एक माणूस घ्या आणि त्याला सगळीकडून दुप्पट करा, उंचीला, रुंदीला, जाडीला. स्नायूच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होईल, म्हणून ताकद चौपट. पण वजन होईल आठपट. ताकद वर्गानं वाढते, वजन घनानं. गॅलिलिओनं १६३८ सालच्या ग्रंथात मोठ्या जनावराची हाडं प्रमाणापेक्षा जाड का लागतात हे सांगताना हाच मुद्दा मांडला होता. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं उचलते म्हणून तिचं कौतुक होतं. ते ठीक आहे, पण तिचं बरंचसं श्रेय तिच्या लहान असण्याला जातं. हत्तीएवढी मुंगी झाली तर ती स्वतःच्या पायावर उभीही राहणार नाही.

म्हणून वजनानं सरळ भागायचं नसतं. वजनाचा दोन तृतीयांश घात काढायचा आणि त्यानं भागायचं. साठचा असा घात येतो १५.३, नव्वदचा २०.१. लुकड्याचे नव्वद भागिले १५.३ म्हणजे ५.८८. धिप्पाडाचे एकशेवीस भागिले २०.१ म्हणजे ५.९७. निकाल उलटला! साठ किलोच्या पोराच्या नव्वदची बरोबरी करायला नव्वद किलोच्या पोराला साधारण एकशेअठरा मारावे लागतात, आणि यानं दोन किलो वरच मारले. दादांच्या काट्यावरचे खरे आकडे घातले तरी धिप्पाडच पुढे राहतो. लुकड्याला हे अजिबात पटलं नाही, आणि मला ते आवडलं.

पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत हा वाद रोजचा आहे. निरनिराळ्या वजनगटांतून ‘सर्वोत्तम लिफ्टर’ निवडायचा तर कुठलं तरी सूत्र लागतंच. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट विल्क्स यांचं सूत्र त्यासाठी बरीच वर्षं चाललं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं ते बाजूला ठेवलं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा नवीन आणलं. सूत्र बदललं की विजेता बदलू शकतो, म्हणून त्यावर भांडणंही होतात. ही सूत्रं नुसत्या भूमितीतून येत नाहीत, खऱ्या लिफ्टरांच्या हजारो निकालांवर बसवलेली असतात. कारण माणूस वजनदार होतो तेव्हा सगळी भर स्नायूंची नसते, पोटाचीही असते.

पण माझ्या माहितीत भाजकामुळे पदकाचा रंग बदलता बदलता राहिल्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच देशाचं आहे. ४ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये एकच प्रकार असतो, बेंच प्रेस. पाय बेंचवर सरळ ठेवून पट्ट्यानं बांधायचे, आणि खेळ सगळा छाती, खांदे आणि दंडाचा. राष्ट्रकुलमध्ये पुरुषांचे दोनच गट होते, ७२ किलोपर्यंतचा आणि त्यावरचा. वरच्या गटात नुसत्या किलोवर निकाल लावला तर जास्त वजनाच्या माणसाला आयताच फायदा मिळाला असता. म्हणून शरीराचं वजन धरून गुण दिले जात होते. हरियाणाचा सुधीर, लहानपणी पोलिओ झालेला, या गटात उतरला. पहिल्या प्रयत्नात २०८ किलो, दुसऱ्यात २१२. तिसरा २१७ चा प्रयत्न फसला. नायजेरियाच्या इकेचुक्वू ओबिचुक्वूनं उचलले १९७, म्हणजे सुधीरपेक्षा पंधरा किलो कमी. पण त्याचं शरीर हलकं. गुण लागले तेव्हा सुधीर १३४.५ आणि ओबिचुक्वू १३३.६. रॉडवरचा पंधरा किलोंचा फरक कागदावर ०.९ गुणांचा उरला. सुवर्ण सुधीरला मिळालं. २१२ ऐवजी पहिल्याच प्रयत्नाचे २०८ त्याच्या नावावर राहिले असते तर काय झालं असतं, याचा हिशोब मी अजून अधूनमधून करत असतो.

याच खेळात गुणोत्तराचे डोळे फिरवणारे आकडे मिळतात. रिओच्या २०१६ च्या पॅरालिम्पिकमध्ये नायजेरियाच्या रोलंड एझुरुइकेनं ५४ किलो गटात २०० किलो मारले. शरीराच्या ३.७ पट. त्याच स्पर्धेत इराणच्या सियामंद रहमाननं १०७ किलोवरच्या गटात ३१० किलो मारले. त्याच्याआधी अथेन्सला २००४ मध्ये पंजाबच्या राजिंदरसिंग राहेलूला ५६ किलो गटात १५७.५ किलोवर ब्राँझ मिळालं होतं. तेही २.८ पट होतं. याउलट धडधाकट माणसांत कुठलाही खास शर्ट न घालता मारलेला सगळ्यात मोठा बेंच अमेरिकेच्या ज्युलियस मॅडॉक्सचा, ३५५ किलो, २०२१ मध्ये. त्याचं वजन दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे पट दोनपेक्षाही कमी.

मग एझुरुइके मॅडॉक्सच्या दुप्पट ताकदवान का? नाही. इथे फक्त लहान शरीराचा फायदा नाही, भाजकात काय आहे हाही प्रश्न आहे. बेंच प्रेसला लागणारं सगळं बळ कमरेच्या वर असतं. ज्याचे पाय पोलिओनं बारीक राहिले, त्याच्या वजनात पायांचा वाटा कमी. म्हणजे ५४ किलोंपैकी छाती-खांद्याचा वाटा आपल्यापेक्षा खूपच मोठा. पाय कापलेला असेल तर नियमाप्रमाणे ठरलेले किलो खेळाडूच्या वजनात मिळवून धरतात, कारण तिथे गैरफायदा उघड दिसतो. हे सांगण्यात त्यांच्या मेहनतीला कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट त्यांना पाय जमिनीवर रोवून रेटा देता येत नाही, जो मॅडॉक्सला आणि तिवस्याच्या पोरांना मिळतो.

नियमाचंही थोडं बोलू. स्पर्धेत रॉड छातीवर आणून थांबवावा लागतो. पंचाचा ‘प्रेस’ आल्याशिवाय वर ढकलता येत नाही, आणि ढुंगण बेंचवरून उठलं की लिफ्ट बाद. पाठीची कमान करून रॉडचं अंतर चार बोटांवर आणणारे महाभाग वाढले, तेव्हा २०२३ पासून कोपर खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत तरी खाली गेलं पाहिजे, असं बंधन आलं. आपल्याकडे रॉड छातीवर आपटून उसळीनं वर जातो आणि स्पॉट देणारा मित्र दोन बोटं लावून ठेवतो. त्या दोन बोटांत दहा किलो असतात, कुणी कबूल करत नाही.

अमेरिकन फुटबॉलची निवड चाचणी याहून गमतीची. तिथे बहुतेक सगळ्यांना एकच रॉड, २२५ पौंड म्हणजे १०२ किलो, आणि तो किती वेळा मारला ते मोजायचं. २०११ मध्ये स्टीफन पेआनं ४९ वेळा मारला. तो स्वतः १३५ किलोच्या वर होता. चपळ पळणारा ऐंशी किलोचा खेळाडू आणि हा एकाच रॉडखाली, म्हणून एका जागेवर खेळणाऱ्यांचीच आपसांत तुलना करतात. बाकी आकडा टीव्हीसाठी.

आता आपल्या पोरांकडे येऊ. पहाटे तिवसा ते मोझरी रस्त्यावर जी पोरं-पोरी पळताना दिसतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना बॉडीबिल्डर व्हायचं नसतं, भरती व्हायचं असतं. भरतीत बेंच कुठेच नाही. पण दोन परीक्षा नेमक्या या लेखाच्या विषयावर आहेत. पोलीस भरतीत गोळाफेक आहे. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, आणि गोळ्याला तुमचं वजन विचारायचं काही कारण नाही. तिथे धिप्पाडाचं चालतं, रॉडसारखंच. सैन्यभरतीत बीम आहे. दहा पुलअप्स काढले की पूर्ण ४० मार्क. बीमवर भाजक बाहेरून लावावा लागत नाही, तो स्वतःच्या हाडामांसात लटकत असतो. वर न्यायचं ते स्वतःलाच. तिथे लुकडा सहज दहा काढतो आणि एकशेवीस मारणारा धिप्पाड सहाव्याला धापा टाकतो. हे मी त्याच जिममध्ये पाहिलं, आणि काटा परत द्यायला निघालेले दादा दाराशीच थांबून हसत होते.

अमरावतीला हे नवं नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन मल्लखांब, कबड्डीची प्रात्यक्षिकं करून आलं. मल्लखांब म्हणजे स्वतःचं वजन पेलण्याचा खेळ. दंडाला काय लागतं, बोटांना काय लागतं हे तिथली पोरं रोज शिकतात, आणि एकाच्याही तोंडी किलोचा आकडा नसतो. बेंच किती हा प्रश्न जिमबरोबर आला, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी.

मुलींबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. पुरुष आणि स्त्रीच्या ताकदीतला फरक पायांत कमी आणि खांदे-दंडांत जास्त असतो. म्हणून जिममधल्या पोराचा बेंचचा आकडा मुलीपुढे ठेवणं चूक आहे. पॅरा पॉवरलिफ्टर सकिना खातूननं ग्लासगोच्या २०१४ च्या राष्ट्रकुलमध्ये ब्राँझ मिळवलं. आपल्या बऱ्याच जिममधल्या पोरांनी तिच्याएवढा बेंच प्रामाणिकपणे, छातीवर थांबवून मारून दाखवावा.

कुणी विचारलंच, की साधारण किती जमलं तर ठीक म्हणायचं? माझा अंदाज असा, शास्त्र म्हणून घेऊ नका. कधी व्यायाम न केलेल्या तरुणाला स्वतःच्या वजनाच्या अर्धा ते पाऊण भार जमतो. वर्ष-दोन वर्षं नेमानं केलं तर स्वतःच्या वजनाइतका. दीडपटीला चिकाटी लागते, आणि दुप्पट करणारा तालुक्यात एखादाच.

जिम परवडत नसेल तर सपाट जोर मारताना हाताखाली साधा वजनकाटा ठेवून बघा. जोर मारताना हातांवर शरीराच्या साधारण दोन तृतीयांश भार येतो, म्हणजे साठ किलोचा पोरगा प्रत्येक जोरात चाळीस किलो ढकलतो. तोही फुकटात, आणि कुणाच्या शटरची वेळ न बघता.

एक विनंती. एकट्यानं बेंच मारताना क्लिप लावू नका. रॉड छातीवर अडकला तर एका बाजूला कलवून प्लेटा सांडता आल्या पाहिजेत. आवाज होईल, दादा ओरडतील, पण श्वास सुटेल.

पुढच्या आठवड्यात मल्लखांबाच्या पकडीबद्दल. तोवर तुमच्या जिममधला रॉड एकदा अडतीच्या काट्यावर ठेवा, आणि जे वजन निघेल ते खडूनं भिंतीवर लिहून टाका.