तरुण मनाचें दुखणें

घरांतील मुलाच्या अंगांत ताप भरला, कीं वडील माणसें तत्काळ डॉक्टरांस बोलावतात. परंतु तोच मुलगा दोन-तीन आठवडे अर्धपोटीं उठूं लागला, रात्र रात्र जागूं लागला, मित्रांना टाळूं लागला, तर त्याला आळशी किंवा उर्मट ठरविण्यांत येतें. शरीराचें दुखणें हा रोग आणि मनाचें दुखणें हा दोष, ही समजूत अनेक कोवळ्या जीवांस फार महाग पडते.

वस्तुतः मनोविकारांचा उगम बहुधा याच वयांत होतो. आयुष्यांत केव्हांतरी ज्यांना असा विकार जडतो, त्यांपैकीं सुमारें निम्म्या लोकांत त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. बंगळुरूच्या ‘निम्हॅन्स’ संस्थेनें २०१५-१६ सालीं केलेल्या राष्ट्रीय पाहणींत १३ ते १७ वर्षें वयाच्या मुलामुलींपैकीं शेंकडा सुमारें ७ जणांत मनोविकार आढळले. प्रौढांत तर निरनिराळ्या विकारांचे शेंकडा ७० ते ९२ रुग्ण उपचारांवांचून राहतात, असेंही त्याच पाहणींत दिसून आलें. लहानपणीं दुर्लक्षिलेलें दुखणें पुढें किती काळ अंगावर काढलें जातें, याची यावरून कल्पना यावी.

मदत नाहीं, असें मात्र नव्हे. १९९६ सालीं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सरकारी सेवेंतून मानसिक उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. ऑक्टोबर २०२२ मध्यें भारत सरकारनें ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि-सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रींही विनामूल्य आणि मराठींतून सल्ला मिळतो. आवश्यक तेव्हां मानसोपचारतज्ज्ञाशीं गांठ घालून दिली जाते.

असें असूनही मुलें तेथवर पोंचत नाहींत, याचें एक मोठें कारण घरांतच आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारांस सामान्यतः पालकांची संमति लागते. आणि ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीनें पालकच दवाखान्याची पायरी चढत नाहींत. परीक्षेंतील अपयश, मैत्रींतील दुरावा, घरांतील कलह हीं कारणें मोठ्यांस क्षुल्लक वाटतात. पण ज्याला तीं सोसावीं लागतात, त्याच्या दृष्टीनें तीं डोंगराएवढीं असतात.

अशा वेळीं उपदेशापेक्षां ऐकून घेणें अधिक उपयोगी. मरणाचे विचार मनांत येतात काय, असें विचारल्यानें ते विचार मुलाच्या डोक्यांत शिरतील, ही भीति निराधार आहे. सरळ व प्रेमानें विचारल्यास बहुधा त्याचें ओझें हलकेंच होतें. उत्तर होकारार्थी आल्यास त्याला एकटें सोडूं नये, घातक औषधें व वस्तु त्याच्या हातीं लागूं देऊं नयेत आणि विलंब न लावतां वैद्यकीय साहाय्य घ्यावें. तापासाठीं डॉक्टरांकडे जातांना ज्या घराला संकोच वाटत नाहीं, त्या घरानें मनाच्या दुखण्यासाठीं जातांनाही तो बाळगण्याचें कारण नाहीं.