बुबुळांची नोंद आणि नावाचा प्रश्न

शरीराच्या खुणांवरून माणसाची ओळख पटवण्याचे तंत्र, म्हणजेच बायोमेट्रिक नोंदणी, निर्वासितांच्या मदतकार्यात ठळकपणे अवतरले ते २००२ साली पेशावर परिसरात. मायदेशी परतणाऱ्या अफगाण निर्वासितांना मिळणारे अनुदान एकाच व्यक्तीने पुन्हा उचलू नये, एवढ्यासाठीच संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने तेथे बुबुळांची तपासणी सुरू केली आणि त्या यंत्रणेत बुबुळाचा संकेतांक तेवढा साठवला जाई, त्याला नाव जोडलेले नसे. पुढे नाव, कुटुंब, मूळ गाव आणि बोटांचे ठसे एकाच माहितीसंचात येऊ लागले. दरम्यान, मदत घेणाऱ्यांनाही मदतीच्या निर्णयांत स्थान असावे हे तत्त्व मान्यता पावत गेले आणि २०१६ साली इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत झालेल्या ‘ग्रँड बार्गेन’ या करारात देणगीदार देश व मदतसंस्थांनी ‘सहभागाची क्रांती’ घडवण्याचे वचन दिले. क्रांती हा शब्द जरा सढळ हातानेच वापरला गेला असावा, कारण नोंदणीची यंत्रे कशी असावीत, हे ठरवताना निर्वासितांना विचारण्याची पद्धत त्यानंतरही फारशी रुजली नाही.

याची कसोटी बांगलादेशातील कॉक्स बाजार येथे लागली. ऑगस्ट २०१७ नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या रखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तेथे आले आणि जून २०१८ पासून बांगलादेश सरकार व उच्चायुक्तालय यांनी संयुक्त नोंदणी हाती घेतली, ज्यात बारा वर्षांवरील प्रत्येकाची बुबुळे व दहाही बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्र दिले जात होते. मदतसंस्थांच्या दृष्टीने ही शिधावाटपाची सोय होती. परंतु ज्या समाजाला १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने परके ठरवले, ज्याला २०१४ च्या जनगणनेत स्वतःला रोहिंग्या म्हणवून घेता आले नाही आणि ज्याच्याकडील तात्पुरती ‘पांढरी कार्डे’ २०१५ साली रद्द झाली, त्याच्या लेखी नोंदवही ही कधीच निरुपद्रवी वस्तू नव्हती. नव्या ओळखपत्रावर ‘रोहिंग्या’ हा शब्द नव्हता, आणि गोळा झालेली माहिती म्यानमारकडे जाईल अशी भीती होती. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये छावण्यांत हरताळ पाळला गेला. तक्रारपेट्या आणि मदतवाहिन्यांतून जे वर पोचले नाही, किंवा पोचूनही ऐकले गेले नाही, ते या हरताळाने सांगितले. मात्र तंत्रज्ञानाविषयीचे लोकमत म्हणून त्याकडे न पाहता गैरसमजाचे फलित म्हणून पाहण्याकडेच प्रशासनाचा कल राहिला, आणि नोंदणी पुढे चालू झाली. २०१९ च्या ऑगस्टअखेरीस पाच लाखांहून अधिक जणांची नोंद पूर्ण झाली होती.

संमती हा या प्रकरणाचा सर्वांत नाजूक भाग. माहिती देणाऱ्याने तिचा उपयोग समजून, नाकारण्याची मोकळीक असताना दिलेली अनुमती म्हणजे संमती. ज्या ओळखपत्रावर शिधा अवलंबून आहे त्याला नकार देण्याची मोकळीक कितपत खरी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी भाषेची अडचण उरतेच. रोहिंग्या भाषा चटगावी बोलीला जवळची असली तरी वेगळी आहे आणि तिची हनिफी लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकीय अक्षरांच्या जागतिक प्रमाणकात, समाविष्ट झाली तीही जून २०१८ मध्येच, हा योगायोग बोलका आहे. जून २०२१ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने २४ निर्वासितांच्या मुलाखतींवर आधारलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार नोंदणीनंतर मिळालेली पावती इंग्रजीत होती, म्यानमारला माहिती देण्यास होकार असल्याची खूण तिच्यावर आधीच केलेली होती, आणि बांगलादेशाने परतपाठवणीच्या पडताळणीसाठी किमान ८ लाख ३० हजार जणांची माहिती म्यानमारला सादर केली होती. संमती स्वतंत्रपणे विचारली गेली होती, असे सांगून उच्चायुक्तालयाने हे आक्षेप अमान्य केले. परंतु व्यक्तीला माहितीच्या वापराची कल्पना दिली पाहिजे, हा नियम उच्चायुक्तालयाच्या स्वतःच्या २०१५ च्या धोरणातच होता, त्यामुळे वाद नियम असण्यानसण्याचा नव्हता. तो नियम कोणत्या भाषेत, कोणासमोर आणि कोणत्या गरजेच्या क्षणी पाळला गेला, याचा तो वाद होता.

निराळी वाट अशक्य नव्हती. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने ऑगस्ट २०१९ च्या धोरणात ठसे मध्यवर्ती माहितीसंचात न साठवता मदत घेणाऱ्याच्याच हातातील कार्डावर ठेवण्याचा पर्याय स्वीकारला, म्हणजे कार्ड परत करण्याचा किंवा नष्ट करण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. त्याच समितीच्या संगणकयंत्रणेवर झालेला हल्ला जानेवारी २०२२ मध्ये उघड झाला, तेव्हा पाच लाख पंधरा हजारांहून अधिक लोकांची माहिती परक्यांच्या हाती लागली, यावरून काळजी घेणाऱ्यांचीही तिजोरी किती पोकळ असू शकते ते दिसले. कॉक्स बाजारमधील निर्वासितांपुढे मात्र ठसे स्वतःच्या कार्डावरच ठेवण्याचा पर्याय कधी ठेवलाच गेला नाही. आणि शब्द बदलून नवे ओळखपत्र छापता येते, पण एकदा दिलेली बुबुळाची प्रतिमा परत घेता येत नाही.