गुरुत्वीय तरंग निरीक्षणांचा मुक्त विदासंचय

गुरुत्वीय तरंग निरीक्षणांचा मुक्त विदासंचय : गुरुत्वीय तरंग शोधकांच्या नोंदी ठराविक मुदतीनंतर आंतरजालावर सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून देणारा संग्रह. हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन (अमेरिका) येथील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांची निरीक्षणे त्यात प्रामुख्याने आहेत. हिंगोली जिल्ह्यातील (१ मे १९९९ पूर्वी परभणी जिल्हा) औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिल्याने (खर्च सु. २,६०० कोटी रु.) या विषयास मराठवाड्यात विशेष महत्त्व आले आहे.

लायगोच्या शोधकास परस्परांशी लंब असलेल्या, प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजा असतात. तरंग जाताना भुजांच्या लांबीत फरक पडतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी आढळलेल्या पहिल्या तरंगाच्या वेळी तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. हे मापन सेकंदास १६,३८४ वेळा नोंदविले जाते. संग्रहातील प्रत्येक फाइलीत ४,०९६ सेकंदांची मापने असून प्रत्येक सेकंदाच्या विश्वासार्हतेची खूणही असते. ही खूण गौण नव्हे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचा संकेत आला, त्याच्या अखेरीपूर्वी सु. एक सेकंद लिव्हिंग्स्टन येथील उपकरणात तीव्र गोंगाट उमटला होता. संग्रहात या नोंदीची मूळ व गोंगाट वजा केलेली अशी दोन्ही रूपे ठेवलेली आहेत.

मुक्ततेची कसोटीही लागली. कोपनहेगनमधील काही संशोधकांनी २०१७ मध्ये पहिल्या तरंगाच्या नोंदींतील गोंगाटाविषयी आक्षेप घेतला. इतरांच्या फेरतपासणीत तो टिकला नाही; परंतु आक्षेप व तपासणी दोन्ही शक्य झाली ती नोंदी खुल्या होत्या म्हणूनच. गोंगाटात दडलेला संकेत अपेक्षित तरंगाकृतींशी ताडून शोधण्याच्या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे (सत्यप्रकाश यांच्यासह, १९९१).

एकट्या शोधकास तरंगाची दिशा नीट कळत नाही. ती निरनिराळ्या ठिकाणी तरंग पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून काढतात. पहिल्या तरंगाच्या वेळी दोनच शोधक कार्यरत होते व उगमाचे क्षेत्र प्रारंभी सु. ६०० चौ. अंश इतके विस्तृत ठरले. २०१७ च्या घटनेत व्हर्गोच्या साहाय्याने ते २८ चौ. अंशांवर आले आणि एनजीसी ४९९३ ही दीर्घिका दूरदर्शकांना सापडू शकली. अमेरिका व यूरोपपासून दूर असलेल्या औंढ्याच्या नोंदी मिळू लागल्यावर आकाशाच्या बऱ्याच भागात हे क्षेत्र आणखी आकुंचित होईल.