पोलाद नंतर, आधी पात्याची जाडी

दाढीच्या पात्याचे पोलाद माणसाच्या केसापेक्षा सुमारे ५० पट कडक असते, तरी काही दाढ्यांनंतर ते ओढू लागतेच. मऊ केस कडक पोलादाची धार घालवतो तरी कशी, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटीमधील जियानलुका रोशिओली, सेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धार नुसती घासून गोल होत नाही, तिचे बारीक कपचे उडतात. पोलादाची अंतर्रचना सगळीकडे सारखी नसते, कुठे थोडी कडक तर कुठे थोडी मऊ असते. केस वाकून तिरका लागला आणि नेमका अशा सीमेवर आला, की ताण एका जागी साठतो आणि तुकडा निघतो. कडकपणाचा आकडा एकटा धारेचे आयुष्य ठरवत नाही, असा याचा अर्थ. रोज खिशात बाळगण्यासाठी घडीचा चाकू घेणारा मात्र दुकानात पहिला प्रश्न तोच विचारतो : पोलाद कोणते, रॉकवेल (कडकपणाचे माप) किती? हा प्रश्न विचारावा, पण तिसऱ्या क्रमांकावर. आधी पात्याची जाडी आणि धारेचा कोन पाहावा, मग पोलादाला पाणी कसे पाजले आहे ते पाहावे, आणि पोलादाच्या नावाकडे त्यानंतर वळावे.

कापण्यात दोन कामे असतात. पहिले धारेच्या टोकाचे : पदार्थ फाटेल इतका दाब एका रेषेवर आणणे. नीट लावलेली धार टोकाशी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, रुंद असते. पात्याची तीन सेंटिमीटर लांबी पदार्थावर टेकली आहे आणि हात एक किलो वजनाइतका जोर लावतो आहे असे धरले, तर धारेखालचा दाब हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या वर जातो. धार बोथटून दहा मायक्रॉन झाली की तोच दाब एक दशांशावर येतो. दुसरे काम पात्याच्या अंगाचे : फाटलेल्या फटीत शिरणे. इथे पाते म्हणजे पाचर, आणि जाड पाचरीला फट रुंदावायला जोर फार लागतो. म्हणून साडेतीन मिलिमीटर पाठीचा चाकू हातावरचे केस भादरण्याइतका धारदार असला तरी सफरचंद कापत नाही, फोडतो. दीड-पावणेदोन मिलिमीटरचे पाते थोडे बोथट असले तरी गाजरातून सरळ जाते. ओढून कापले की जोर वाचतो, हीसुद्धा नुसती समजूत नाही. ब्रिटिश अभियंते टोनी अ‍ॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चेडर चीज आणि सलामीवर प्रयोग करून दाखवले, की दाबताना पाते जितके आडवे सरकवावे तितका खाली लावायचा जोर कमी होतो. विळीवर भाजी चिरणारा हात तेच साधतो. खिशातल्या चाकूचे पाते तोकडे, आडवे सरकवायला जागा थोडी. ती उणीव पातळपणानेच भरून काढावी लागते.

कडकपणाआधी धारेचा कोन पाहावा, हे मोजून कोणी दाखवले, असे विचारणे रास्त आहे. शेफील्डमधल्या कॅट्रा या कटलरी संशोधन संस्थेचे यंत्र ५ टक्के सिलिका मिसळलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर पाते ठरावीक जोराने पुढे-मागे चालवते आणि एकूण किती मिलिमीटर कार्ड कापले गेले ते नोंदवते. आयएसओ ८४४२-५ हे प्रमाणही याच पद्धतीचे आहे. अमेरिकी धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी अनेक पोलादांच्या अशा चाचण्यांवरून एक समीकरण मांडले. दोन्ही बाजू मिळून होणारा धारेचा कोन एका अंशाने कमी केला तर कापलेले कार्ड सुमारे १८ मिलिमीटरने वाढते. रॉकवेल कडकपणा एका अंकाने वाढवला तर सुमारे १६ मिलिमीटरने. खिशातले बहुतेक चाकू ५५ ते ६४ रॉकवेलच्या दरम्यान असतात. निव्वळ कडकपणाचा विचार केला तर या दोन टोकांमधले सगळे अंतर, धार ४० अंशांवरून ३० अंशांवर आणली की भरून निघते. हे काम घरी दगडावर होते, त्यासाठी नवा चाकू घ्यावा लागत नाही.

पोलादाच्या चाहत्यांचा युक्तिवाद एवढ्याने संपत नाही, आणि तो दुबळाही नाही. त्याच समीकरणात कार्बाइडच्या कणांना मोठा वाटा आहे. व्हॅनेडियम आणि कार्बन यांच्या संयुगाचे कण वाळूतल्या क्वार्ट्झपेक्षा दुपटीहून अधिक कडक असतात. असे कण भरपूर असलेले पोलाद, उदाहरणार्थ ४ टक्के व्हॅनेडियमचे एस३०व्ही, पुठ्ठा कापताना साध्या पोलादाच्या खूप पुढे राहते, कारण पुठ्ठ्यातले खनिजांचे कणच धार झिजवतात. गोदामात दिवसभर खोकी उघडणाऱ्याने ते जरूर घ्यावे. पण कार्बाइड वाढले की पोलाद ठिसूळ होते. त्याची धार फार पातळ केली आणि खोक्यातली एखादी पिन आडवी आली की कपचा उडतो. म्हणून अशा चाकूंना कोन रुंद ठेवतात, आणि कणांनी कमावलेले बरेचसे तिथेच खर्ची पडते. शिवाय नेहमीच्या धारेच्या दगडातले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड या कणांपेक्षा मऊ असते. हिऱ्याची पट्टी जवळ नसेल तर दगड कणांभोवतीचे पोलाद घासत राहतो आणि कण जागचे हलत नाहीत. महिनोन्‌महिने टिकणारी धार गेल्यावर परत आणता येत नसेल, तर त्या टिकाऊपणाचे कौतुक दुकानापुरतेच.

दुसऱ्या बाजूनेही हरकत येते : पातळ पाते वाकेल, मोडेल. डबा उघडायला, स्क्रू पिळायला किंवा खिळा उचकटायला वापरले तर नक्कीच मोडेल. पण खिशातल्या चाकूची रोजची कामे पार्सलवरची चिकटपट्टी, सुतळी, आंबा, फार तर प्लास्टिकची पट्टी. स्वित्झर्लंडमधल्या कार्ल एल्सेनर यांनी १८९७ मध्ये नोंदणी केलेल्या ऑफिसर चाकूत डबा उघडण्याला आणि स्क्रूला वेगळे अवजार दिले, म्हणून कापायचे पाते पातळ ठेवता आले. जाड पात्याचा चाकू ‘कशालाही चालतो’ म्हणून विकला जातो. पण ज्या कामासाठी तो घ्यायचा, त्याच कामात तो मागे पडतो.

आता पाणी. तेच पोलाद नीट तापवून, झटकन थंड करून, मग मंद आचेवर पुन्हा तापवले तर चिवट आणि कडक होते. यात चूक झाली तर नाव कितीही भारी असो, धार वाकते नाहीतर तुटते. नाव पात्यावर कोरलेले असते, पाणी दिसत नाही. त्यामुळे एकच साधे पोलाद वर्षानुवर्षे वापरणाऱ्या कारखान्याची हातोटी नव्या महागड्या नावापेक्षा अधिक भरवशाची. एल्सेनर यांच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीची पाती ५५-५६ रॉकवेलच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने मऊच. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० पासून बनणारा ओपिनेल साधारण ०.९ टक्के कार्बनच्या पोलादाचा किंवा स्वीडिश १२सी२७ या स्टेनलेसचा. दोन्ही पातळ, दोन्ही दगडावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा चालू लागणारे. हे पाणी आपल्या हातूनही उतरू शकते. रस्त्यावरच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत धार लावली, की धारेचे पातळ टोक क्षणात दोनशे अंशांपलीकडे तापते आणि तेवढ्या भागाचा कडकपणा जातो. साध्या पोलादावर निळी झाक दिसली तर तापमान तीनशे अंशांच्या घरात गेले होते, असे समजावे.

पोलादाच्या नावाला खरे महत्त्व येते ते गंजाच्या बाबतीत. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्यांसाठी प्रयोग करताना सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद केले, आणि न गंजणाऱ्या सुऱ्यांचा मार्ग खुला झाला. क्रोमियमचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर पात्याला झाकतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. त्यासाठी क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागते, आणि तेही मोकळे. कार्बन जास्त असला की काही क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकते आणि गंजरोधाच्या कामी येत नाही. देशावरच्या कोरड्या हवेत कार्बन पोलादाचे पाते पुसून ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते. कैरी कापल्यावर काळे पडते, पण ते डाग निरुपद्रवी. कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात घामट खिशात ठेवायचे असेल तर स्टेनलेसच घ्यावे. गंज सर्वांत आधी धारेच्या टोकालाच खातो, कारण तिथे खायला पोलाद सर्वांत थोडे असते.

पाते उघडे राहावे म्हणून अडकण हवी का? टोकाने भोसकायचे काम पडत असेल तर हवी, नाहीतर पाते उलटून बोटांवर मिटते. ओपिनेलची १९५५ सालची फिरती कडी हा त्यावरचा सोपा उपाय. पण अडकण आहे म्हणून वेडावाकडा जोर लावू नये.

कायद्याचेही पाहायला हवे. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत, घरगुती आणि शेतीची अवजारे वगळून. खिशातला चाकू त्या मापाच्या खूप खाली असतो. तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असताना चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते, आणि विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. तेव्हा सात-आठ सेंटिमीटरचे, पाठीला दोन मिलिमीटरपेक्षा पातळ पाते घ्या, आणि भारी पोलादाचे वाचलेले पैसे धारेच्या चांगल्या दगडावर खर्च करा.